व्हिसा मिळाला, पण आजार पॉलिसीत आहे का?

गेल्या अंकात ज्येष्ठ नागरिकांच्या प्रवास विम्याविषयी लिहिताना ‘आधीचे आजार अर्जात न लपवता लिहावेत’ असे एक वाक्य आले होते. त्या वाक्यावर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतून पत्रे आली आणि त्यांतली बहुतेक कर्करोगाविषयी होती. त्यांपैकी चार पत्रे निवडली आहेत. पहिल्या उत्तराला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातली अडचण इतर अनेकांची आहे.

प्रश्न : आम्ही दापोली तालुक्यातले. माझी आई ६६ वर्षांची आहे. २०२१ मध्ये तिला स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. मुंबईला परळला शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन झाले आणि २०२२ च्या मे महिन्यात उपचार संपले. आता ती रोज लेट्रोझोलची एक गोळी घेते आणि सहा महिन्यांनी तपासणीला जाते. माझा भाऊ जर्मनीत असतो. वहिनीचे बाळंतपण ऑक्टोबरमध्ये आहे, म्हणून गणपती आटोपले की आईला तीन महिन्यांसाठी तिकडे पाठवायचे आहे. व्हिसाची कागदपत्रे करून देणारे एजंट म्हणतात, “विमा मी काढून देतो, पण अर्जात कर्करोगाचे लिहू नका, उगाच व्हिसा अडकेल. आता त्या बऱ्या आहेत ना?” आईला खोटे लिहायचे नाही आणि मुलाकडे जायचेही आहे. काय करावे?
— एक वाचक, दापोली

उत्तर : आपल्या आईंचे म्हणणे बरोबर आहे आणि एजंटाचा सल्ला त्यांना मोठ्या अडचणीत टाकणारा आहे. व्हिसा आणि विमा ही दोन वेगळी कामे आहेत, हे आधी लक्षात घ्यावे. जर्मनीसाठी जो शेंगेन व्हिसा (युरोपातल्या अनेक देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा) लागतो, त्याच्या नियमानुसार प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा असावा लागतो, तो सर्व शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या पूर्ण काळात लागू असावा लागतो आणि त्यात तातडीचे उपचार, रुग्णालयातील आपत्कालीन भरती, आजारपणामुळे मायदेशी परत आणण्याचा खर्च आणि मृत्यूची बाब समाविष्ट असावी लागते. वकिलातीत रक्कम, तारखा आणि देश पाहिले जातात. पूर्वीचा कर्करोग त्या पॉलिसीत धरला आहे की वगळला आहे, याची अट त्या नियमात नाही आणि शेंगेन व्हिसाच्या अर्जात आजारांविषयीचा प्रश्नही नाही. तेव्हा विम्याच्या अर्जात खरे लिहिल्याने व्हिसा अडकेल, ही भीती निराधार आहे. याची दुसरी बाजू मात्र अधिक महत्त्वाची आहे. व्हिसा मिळाला म्हणजे आईंच्या आजाराला विम्याचे संरक्षण मिळाले, असे अजिबात होत नाही. एजंट जी सर्वांत स्वस्त पॉलिसी जोडतात, ती व्हिसापुरती पुरेशी असते, पण तिच्यात कर्करोग बहुधा पूर्णपणे वगळलेला असतो.

‘उपचार संपले’ असे आपण लिहिले आहे आणि घरातल्या माणसांच्या दृष्टीने ते खरेही आहे. विमा कंपनी मात्र लेट्रोझोलच्या गोळीकडे चालू उपचार म्हणून पाहते. अशी संप्रेरकांवरची औषधे स्तनाच्या कर्करोगानंतर साधारणपणे पाच वर्षे आणि काही रुग्णांना त्याहूनही जास्त काळ दिली जातात. त्यामुळे शस्त्रक्रियेला चार वर्षे होऊन गेली तरी ‘सध्या कोणते औषध घेता का?’ या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेच राहते. ‘आपल्याला कधी कर्करोगाचे निदान झाले आहे का?’ असा प्रश्न असेल, तर त्याला काळाची मर्यादाच नाही. तिथे दहा वर्षांपूर्वीचे निदानही लिहावे लागते. काही वाचकांनी ‘तीन वर्षे झाली की आजार जुना धरत नाहीत’ असे ऐकल्याचे कळवले आहे. देशातल्या आरोग्य विम्यात पूर्वीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ (ज्या काळात त्या आजारांचा खर्च मिळत नाही) २०२४ मध्ये ४८ महिन्यांवरून जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणला गेला, त्यावरून हा समज पसरलेला दिसतो. परदेश प्रवासाची पॉलिसी काही आठवड्यांची किंवा महिन्यांची असते आणि तिचे प्रश्न व तिच्या अटी स्वतंत्र असतात. इथला हिशेब तिथे लावू नये.

खरे लिहिल्यावर तीनपैकी एक गोष्ट होते. कंपनी पॉलिसी नाकारते, किंवा कर्करोग वगळून बाकीच्या आजारांना आणि अपघातांना संरक्षण देते, किंवा पूर्वीच्या आजारातून अचानक जिवावर बेतले तर एका ठरावीक रकमेपर्यंत खर्च देण्याचे मान्य करते. तिसऱ्या प्रकारातही तपासण्या, केमोथेरपी किंवा नेहमीच्या गोळ्यांचा खर्च मिळत नाही. अनेक पॉलिसींत कर्करोगाविषयी जे कलम असते, त्याचा आशय असा असतो की जीव वाचवण्यासाठी किंवा तीव्र वेदना कमी करण्यासाठी लागणारे तातडीचे उपचार तेवढे दिले जातील. प्रकृती स्थिरावल्यावर पुढचे उपचार मायदेशी घ्यावेत. आईंच्या बाबतीत ही तिसऱ्या प्रकारची पॉलिसी मिळवण्याचा प्रयत्न करावा आणि त्यासाठी जास्त हप्ता द्यावा लागला तरी तो द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या सगळ्यात एक शब्दयोजना फार बारकाईने वाचावी. कर्करोग वगळताना कंपनी ‘कर्करोग’ एवढेच लिहिते, की ‘कर्करोग आणि त्यातून प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे उद्भवणारे सर्व त्रास’ असे लिहिते? लेट्रोझोलमुळे हाडांची घनता कमी होऊ शकते, ही डॉक्टरांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. आई डिसेंबरमध्ये तिथे असतील आणि बर्फावर पाय घसरून मनगटाचे हाड मोडले, तर दुसऱ्या प्रकारच्या शब्दयोजनेत कंपनी असे म्हणू शकते की हाड औषधाने ठिसूळ झाले होते, औषध कर्करोगाचे होते, म्हणून हा खर्चही वगळलेला आहे. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला येणारी सूज आणि त्यातून होणारा जंतुसंसर्ग यांच्याबाबतही हेच होऊ शकते. ज्या वाचकांच्या घरी लेट्रोझोलऐवजी टॅमोक्सिफेन चालू आहे, त्यांनी रक्ताच्या गुठळ्यांविषयी विचारावे; त्या औषधाने गुठळ्यांचा धोका वाढतो आणि लांबच्या विमान प्रवासानेही वाढतो. हे प्रश्न कंपनीला पॉलिसी घेण्यापूर्वी ईमेलने विचारावेत आणि उत्तरही लेखी घ्यावे. फोनवर ‘होईल हो, काळजी करू नका’ असे कोणी सांगितले, तरी दावा करण्याच्या वेळी त्याचा काही उपयोग होत नाही.

अर्जाबरोबर जोडण्यासाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे इंग्रजीत एक पानी पत्र घ्यावे. रुग्णालयाची जाडजूड फाइल कोणी वाचत नाही. पत्रात निदानाची तारीख आणि आजाराची अवस्था, झालेले उपचार व ते संपल्याची तारीख, चालू गोळ्यांची नावे आणि मात्रा, शेवटच्या तपासणीचा निष्कर्ष आणि ‘रुग्ण अमुक काळात विमानाने प्रवास करण्यास योग्य आहे’ हे वाक्य असावे. परळच्या तपासणीची तारीख प्रवासाच्या मध्ये येत असेल, तर ती निघण्यापूर्वी करून घ्यावी आणि हे पत्र त्याच भेटीत मागावे, म्हणजे दापोलीहून दुसरी खेप पडणार नाही. याच पत्राची प्रत जर्मनीतल्या डॉक्टरांना दाखवण्यासाठीही हाताशी राहील. मात्र पॉलिसी घेतल्यानंतर आणि निघण्यापूर्वी एखाद्या तपासणीत काही नवे निघाले किंवा गोळी बदलली, तर तेही कंपनीला कळवावे लागते.

खरे लिहिणे ही नुसती नीतीची गोष्ट नाही, ते आपले संरक्षणही आहे. २००९ मध्ये अमेरिकेत लग्नासाठी निघालेल्या एका गृहस्थांनी परदेश प्रवासाची मेडिक्लेम पॉलिसी घेतली होती आणि त्यांचा मधुमेह कंपनीला ठाऊक होता. सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचताच त्यांना हृदयविकाराचा झटका आला, अँजिओप्लास्टी करून तीन स्टेंट बसवावे लागले आणि कंपनीने त्यांचा दावा नाकारला. कोलेस्टेरॉलसाठीची स्टॅटिन औषधे चालू असल्याचे त्यांनी सांगितले नव्हते, हा कंपनीच्या म्हणण्याचा भाग होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि असे ठरवले की विमेदाराच्या आरोग्याची माहिती तपासून पॉलिसी दिल्यानंतर, त्याच माहीत असलेल्या आजाराकडे बोट दाखवून कंपनीला दावा नाकारता येणार नाही. याउलट २००९ मधल्या एका निकालात, मेडिक्लेम घेताना मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार दडवल्यामुळे दावा नाकारणे याच न्यायालयाने योग्य ठरवले होते. पहिल्या प्रकरणात न्याय मिळाला खरा, पण त्याला बारा वर्षे लागली. म्हणून आजाराबरोबर प्रत्येक गोळीचे नावही अर्जात लिहावे, मग ती रक्तदाबाची असो वा थायरॉइडची. एजंटाने भरलेला अर्ज सही करण्यापूर्वी आईंनी स्वतः वाचावा. सही त्यांची असते आणि ‘नाही’वर केलेली खूण एजंटाची होती, हे नंतर सिद्ध करणे अत्यंत कठीण जाते.

भावाने तिकडूनच विमा काढला तर चालेल का, असाही प्रश्न आपल्या मनात असेल. जर्मनीत येणाऱ्या पाहुण्यांसाठी तिथल्या रहिवाशांना पॉलिसी काढता येते आणि ती व्हिसासाठी चालते. परंतु आधीच ठाऊक असलेल्या आजारावरच्या उपचारांविषयी त्या पॉलिसींच्या अटीही साधारणपणे कडकच असतात. तेव्हा भावाने तिकडच्या अटी आणि तुम्ही इकडच्या अटी वाचून मग ठरवावे. शेवटी, इथे आईंचा आरोग्य विमा असेल तर त्याच्या नूतनीकरणाची तारीख त्या तीन महिन्यांत येते का, हे आजच पाहावे. तिकडे काही झाले तर पुढचे उपचार इकडेच घ्यावे लागतील, आणि कर्करोग होऊन गेलेल्या व्यक्तीची जुनी पॉलिसी एकदा बंद पडली की तशी नवी मिळणे अवघड असते.

प्रश्न : माझ्या वडिलांना तोंडाचा कर्करोग झाला होता. गेल्या वर्षी शस्त्रक्रिया झाली आणि रेडिएशन संपून पाच महिने झाले आहेत. त्यांची उमराहला (मक्केच्या यात्रेला) जाण्याची इच्छा आहे आणि परतताना दुबईला माझ्या धाकट्या भावाकडे पंधरा दिवस राहायचे आहे. टूरवाले सांगतात की विमा पॅकेजमध्येच आहे. तेवढा पुरेल का? दुखणे कमी राहावे म्हणून ते ट्रॅमाडॉल घेतात.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पुरणार नाही, असे धरून चालावे. उमराहच्या व्हिसाबरोबर जो विमा येतो तो सौदी अरेबियातल्या आपत्कालीन प्रसंगांसाठी असतो. दुबईतल्या पंधरा दिवसांशी त्याचा संबंध नाही. टूरवाल्यांनी त्याशिवाय समूह पॉलिसी घेतली असेल, तर तिची मूळ प्रत मागावी. समूह पॉलिसीत बहुतेक वेळा प्रत्येक यात्रेकरूच्या आजारांची चौकशी केली जात नाही. चौकशी झाली नाही म्हणजे आजार मान्य झाला, असा अर्थ घेऊ नये. पूर्वीचे आजार अशा पॉलिसीत सरसकट वगळलेले असू शकतात.

रेडिएशन संपून पाच महिनेच झाले असताना स्वतंत्र पॉलिसी देण्यास अनेक कंपन्या तयार होणार नाहीत. ज्या डॉक्टरांनी उपचार केले त्यांना, मग ते मुंबईचे असोत वा डेरवणच्या रुग्णालयातले, सरळ विचारावे की प्रवास आता करावा की आणखी काही तपासण्या होईपर्यंत थांबावे. डॉक्टरांनी नको म्हटले असताना केलेल्या प्रवासात झालेला खर्च जवळजवळ कोणतीच पॉलिसी देत नाही. वडिलांची इच्छा किती मनापासूनची आहे हे आपल्या पत्रातून जाणवते आणि म्हणूनच सुचवतो की काही महिने थांबून, उन्हाळा टाळून, बरोबर घरातला एक धडधाकट माणूस घेऊन त्यांनी ही यात्रा करावी. तोवर अन्न गिळणे आणि तोंड उघडणेही सुधारलेले असेल.

ट्रॅमाडॉलविषयी आपण लिहिलेत हे फार बरे झाले. सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती या दोन्ही देशांत हे नियंत्रित औषध आहे आणि ते बरोबर नेण्यासाठी तिथल्या सरकारी यंत्रणेची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. नुसती डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून भागेल, असे समजू नये. परवानगीविना गोळ्या सापडल्या तर त्यातून उद्भवणाऱ्या अडचणीत विमा काहीही मदत करत नाही. तिकडे चालणारे दुसरे औषध देता येईल का, हे डॉक्टरांना आताच विचारावे.

एक गोष्ट बोलायला जड आहे, पण घरात आधी बोलून ठेवावी. मृत्यू आल्यास पार्थिव मायदेशी आणण्याचा किंवा तिथेच दफन करण्याचा खर्च प्रवास विम्यात साधारणपणे असतो. मात्र मृत्यू वगळलेल्या आजाराने झाला असेल, तर तो खर्चही नाकारला जाऊ शकतो. हे कलम वाचून, त्यानुसार थोडी रक्कम भावाने बाजूला ठेवावी.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना कर्करोग आहे आणि डॉक्टरांनी आता फक्त त्रास कमी करणारे उपचार ठेवले आहेत. नणंद त्यांच्याजवळ राहायला आली आहे आणि सासूबाईच आग्रह करत आहेत की आम्ही दोघांनी ठरलेली दहा दिवसांची सहल रद्द करू नये. आम्ही दोघेही निरोगी आहोत. अचानक परतावे लागले, तर प्रवास विम्यातून तिकिटांचे पैसे मिळतील का?
— एक वाचिका, वेंगुर्ले

उत्तर : बहुधा मिळणार नाहीत. सहल रद्द किंवा अर्धवट सोडण्याची भरपाई जवळच्या नातेवाइकाच्या आजारपणासाठी मिळते, पण तो आजार पॉलिसी घेताना ठाऊक नसावा, अशी अट असते. शिवाय जवळच्या नातेवाइकांत सासू-सासरे धरले आहेत की नाहीत, हेही प्रत्येक पॉलिसीत वेगळे असते. तेव्हा या आशेने महागडी पॉलिसी घेऊ नये. तेच पैसे तारीख बदलता येईल अशा विमान तिकिटावर घालावेत आणि सहल कंपनीकडून, मध्येच परतल्यास किती रक्कम कापली जाईल, ते लिहून घ्यावे. तुमच्या दोघांसाठी साधा वैद्यकीय प्रवास विमा मात्र घ्यावाच.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. माझ्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया तीन वर्षांपूर्वी झाली आणि पॉलिसी घेताना मी ते अर्जात लिहिले होते. मुलीकडे सिंगापूरला असताना न्यूमोनिया होऊन मला रुग्णालयात राहावे लागले. ‘पूर्वीच्या आजाराशी संबंधित’ असे सांगून कंपनीने दावा नाकारला आहे. आता काही करता येईल का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : करता येईल आणि करावे. आतड्याचा कर्करोग होऊन गेला म्हणून त्यानंतरचा प्रत्येक आजार त्याच्या खात्यावर टाकता येत नाही. एखादा अपवाद लागू होतो, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर असते. आधी कंपनीकडून नकाराचे लेखी कारण, पॉलिसीतल्या कलमाच्या क्रमांकासह, मागावे. त्यानंतर सिंगापूरच्या रुग्णालयाचा डिस्चार्ज अहवाल आणि आपल्या इथल्या कर्करोगतज्ज्ञांचे पत्र मिळवावे. न्यूमोनिया कशाने झाला, त्या वेळी केमोथेरपी चालू होती का आणि कर्करोग परत आल्याचे काही चिन्ह आहे का, एवढेच त्या पत्रात स्पष्ट असावे. केमोथेरपी संपून बराच काळ गेला असेल, तर आपली बाजू आणखी भक्कम होते.

ही कागदपत्रे जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी आणि तीच विमा नियामक प्राधिकरणाच्या ‘बीमा भरोसा’ या पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर नोंदवावी. एका महिन्यात उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जावे. तिथे शुल्क नाही, वकिलाची गरज नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांची दखल घेतली जाते. आवश्यक कागद मिळाल्यापासून तीन महिन्यांत लोकपालांनी निवाडा द्यायचा असतो आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो. आपल्याला तो मान्य नसेल तर पुढचा मार्ग मोकळा राहतो.

तो मार्ग म्हणजे ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे आपल्याला मुंबईला खेटे घालावे लागणार नाहीत, सिंधुदुर्गातच काम होईल. आयोगाचे शुल्क भरलेल्या हप्त्यावर ठरते आणि पाच लाख रुपयांपर्यंत ते लागत नाही, त्यामुळे आपल्याला शुल्कही पडणार नाही. मात्र प्रकरण ग्राहक आयोगात असताना लोकपाल ते ऐकत नाहीत, म्हणून आधी लोकपालांकडे जाणे मला अधिक सोयीचे वाटते. मुदती लक्षात ठेवाव्यात. कंपनीचे अंतिम उत्तर मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत लोकपालांकडे आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जावे लागते. नकाराचे पत्र टपालाने आले असेल तर शिक्का असलेले पाकीट आणि ईमेलने आले असेल तर तारखेसह छापील प्रत आजच फाइलला लावून ठेवावी.